पंडिता रमाबाई व खेड्यातील बाईची भाषा

नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला ती अथेन्सच्या जुन्या ग्रंथकारांची भाषा नव्हे. बाजारात, बंदरावर व घरोघर जी चाले ती होय. पौल यरुशलेमेत धरला गेला तेव्हा तो सरदाराशी ग्रीक भाषेत बोलला, परंतु जमावाशी त्यांच्याच बोलीत बोलला, आणि ती कानी पडताच लोक अधिक शांत झाले, हे वाचकांस प्रेषितांच्या कृत्यांवरून ठाऊक आहेच. हीच रीत आपल्या पुणे जिल्ह्यात एका विदुषीने धरली. तिचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने मुलीस. पुढे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. दुष्काळाच्या दिवसांत आई, बाप व थोरली बहीण गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास हेच काय ते उरले, आणि दोघे पायी चालत राहिले. त्या चालण्यातच मराठीशिवाय कानडी, हिंदुस्थानी ह्या भाषा त्यांच्या मुखी बसल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. तेथे बंगालीही आली. १८८० साली त्यांचा विवाह झाला. १८८२ साली पती बिपिन बिहारी वारले व पदरी लहान मनोरमा राहिली.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षी वाँटेज येथे मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकण्याची त्यांची इच्छा होती, परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ती सिद्धीस गेली नाही. ज्या बाईने पुढे गरिबांच्या बोलीकडे इतके लक्ष दिले, तिला ऐकू कमी येत असे, ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. अमेरिकेत १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत लिहिले. त्याच वर्षी मुंबईस शारदासदन निघाले.

पुढे केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून व १९०० साली गुजरातेतून शेकडो मुली व स्त्रिया तेथे आल्या. कित्येकींस अक्षर येत नव्हते, कित्येकींस मराठीही नवी होती. मराठी शास्त्र छापलेले होते. विल्यम केरी ह्यांच्या श्रीरामपुरातून मराठी नवा करार १८११ सालीच निघाला होता. परंतु प्रचलित भाषांतरातील संस्कृत शब्द खेड्यातील बाईस कळत नाहीत, आणि कळले तरी पूर्वीच्या शास्त्रांतील अर्थ आपल्याबरोबर आणतात, असे रमाबाईंचे मत होते. हे मत कोणी निरक्षराने मांडले असते तर विद्वान हसले असते. येथे तर भागवत मुखोद्गत असलेली पंडिता ते मांडीत होती, आणि आपल्या विद्येतील उत्तमोत्तम शब्द आपल्याच हाताने बाजूस ठेवीत होती.

तेवढ्यासाठी त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, व मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. सुमारे सतरा वर्षे हे काम चालले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे व छापण्याचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत.

आमच्या मावळात आंबीची एखादी बाई दिवसभर चिखलात भात लावून सांजेस वचन ऐकावयास बसली, तर तिला अर्थ विचारण्यास उठावे लागू नये, एवढीच त्या भाषांतराची कसोटी. ते सर्वत्र गोड उतरले आहे असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी वाक्य अडखळते, आणि मंडळ्यांत आज ते फारसे वाचलेही जात नाही. तरी उपदेशाच्या आदल्या रात्री एखादा भारी शब्द लेखणीशी आला, म्हणजे आम्हांस केडगाव आठवते.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आईने काम सोडले नाही. भाषांतर पुरे करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या, आणि संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.