बिनतारी यंत्राचे इंजिन

युद्ध संपले की जेत्यांच्या वाट्याला मिरवणुका येतात आणि पराभूतांच्या वाट्याला भंगार. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला, तेव्हा त्या देशात भंगाराला तोटा नव्हता. शहरे बेचिराख झाली होती, कारखान्यांचे सांगाडे उभे होते. लष्कर मोडीत निघाले आणि त्याचे सामान कुठे कुठे गोदामांत पडून राहिले. त्या सामानात एक लहानसे यंत्र होते. आघाडीवरच्या बिनतारी संदेशसंचाला वीज पुरवण्यासाठी सैनिक जो उचलता जनरेटर बरोबर नेत, त्याचे हे टू-स्ट्रोक इंजिन. संच राहिला नाही, तो चालवणारे राहिले नाहीत. मग तारा जोडायच्या कशाला आणि वीज करायची कोणासाठी? सरळ हिशेबाने पाहिले तर ते यंत्र निकामी होते.

१९४६ च्या सप्टेंबरमध्ये हामामात्सु शहरात एका मित्राच्या घरी गेलेल्या ३९ वर्षांच्या गृहस्थाच्या नजरेस ते इंजिन पडले. गृहस्थाचे नाव सोइचिरो होंडा. त्या दिवशी त्यांच्याजवळ ना कारखाना होता, ना पदवी, ना पुढच्या वर्षाचा काही बेत. पण यंत्र पाहताना त्यात काय नाही यापेक्षा काय शिल्लक आहे हे आधी पाहायची त्यांना लहानपणापासूनची सवय होती.

लोहाराचा मुलगा

होंडांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, शिझुओका प्रांतातल्या कोम्यो या खेड्यातला. वडील गिहेइ लोहार होते, आई मिका हातमागावर विणायची. पुढे वडिलांनी लोहारकामाच्या जोडीला सायकलदुरुस्ती सुरू केली. भाता, ऐरण, हातोडा आणि मोडक्या सायकली यांच्यात मुलगा वाढला. अभ्यासात त्याचे लक्ष नव्हते. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला, आणि ती थांबली तिथे जमिनीवर सांडलेल्या तेलाचा वास घेत बसला. तो वास त्याला जन्मभर पुरला. १९१७ मध्ये आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला कसरती दाखवायला आला. दहा वर्षांच्या सोइचिरोने वडिलांची सायकल न विचारता उचलली, सीटवर बसून पाय पुरेनात म्हणून दांड्याखालून पाय घालून सुमारे २० किलोमीटर दामटली. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून झाडावर चढून विमान पाहिले.

त्याच्या शाळेतली एक गोष्ट मला विशेष आवडते. जपानमध्ये सहीच्या जागी शिक्का उमटवतात. प्रगतिपुस्तकावर पालकांचा शिक्का हवा असे. याने सायकलच्या पेडलचे रबर कोरून घरचा शिक्का तयार केला आणि काम भागवले. मग मित्रांनाही शिक्के करून दिले आणि सगळेच पकडले गेले. होंडा हे नाव जपानी लिपीत उभे लिहिले की डावी-उजवी बाजू सारखीच दिसते, म्हणून त्याचा शिक्का सरळ उमटला. मित्रांची नावे उलटी उमटली. अक्षर उलटे कोरावे लागते हे त्याला ठाऊकच नव्हते. शिक्क्याशी त्याचा संबंध इथे संपत नाही. पुढे तो पुन्हा येणार आहे.

दुरुस्तीची शाळा

१९२२ मध्ये पंधरा वर्षांचा सोइचिरो टोकियोतल्या आर्ट शोकाई या मोटार गॅरेजात उमेदवारीला गेला. पहिले कित्येक महिने त्याच्या हाती पाना आला नाही. मालकाचे तान्हे मूल पाठीशी बांधून फिरवणे आणि झाडलोट करणे एवढेच काम. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. गॅरेज जळाले. बरेचसे कामगार आपापल्या गावी गेले. जे दोघे-तिघे राहिले त्यांत हा होता. आगीत होरपळलेल्या मोटारी मालकाने आणल्या आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणायचे काम सुरू झाले. त्या काळी चाकांचे आरे लाकडी असत, तेही जळून गेलेले. जो भाग नाही तो बाजारात मिळणार नव्हता, तो हाताने घडवायचा. होंडांचे खरे शिक्षण इथे झाले.

अठराव्या वर्षी मालकाने त्याला दूर मोरिओका शहरी एक आगीचा बंब दुरुस्त करायला एकट्याला पाठवले. एवढासा पोर पाहून तिथली मंडळी नाराज झाली, उतरायला साधीशी खोली दिली. त्याने बंब पार खोलला तेव्हा तर आता हा पुन्हा जुळायचा नाही, असेच सर्वांना वाटले. तो जुळला, सुरू झाला, पाणी उडाले. त्या संध्याकाळी त्याला चांगली खोली मिळाली आणि वागणुकीतला सूरही बदलला. कारागिराची पत त्याच्या कामावर ठरते, वयावर नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी टिपून ठेवले असणार.

१९२८ मध्ये मालकाने त्याला हामामात्सुला गॅरेजची शाखा काढून दिली. धंदा चांगला चालला. होंडांनी लाकडी आऱ्यांऐवजी लोखंडी आरे बनवून त्याचे पेटंट घेतले. १९३५ मध्ये साची यांच्याशी लग्न झाले. पुढच्याच वर्षी शर्यतीत मोटार उलटून ते जबर जखमी झाले. मग दुरुस्तीचा धंदा सोडून ते पिस्टन रिंगच्या मागे लागले, आणि तिथे त्यांचे हात थिटे पडले. ओतलेल्या रिंगा टिकेनात. कारण शोधताना कळले की आपल्याला धातुशास्त्र येत नाही. तिशी ओलांडलेला हा कारखानदार हामामात्सुच्या तंत्रविद्यालयात पोरांच्या बाकावर जाऊन बसला. रिंगेत सिलिकॉन कमी पडतो, हे तिथे उमगले. टोयोटा कंपनीकडे तपासणीला दिलेल्या ५० रिंगांपैकी अवघ्या ३ उतरल्या. तरी त्यांनी नाद सोडला नाही आणि शेवटी माल मान्य करून घेतला. परीक्षा मात्र दिली नाही. त्यामुळे पदवीही मिळाली नाही.

युद्धाने हेही सारे नेले. एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी १९४५ च्या भूकंपात कोसळला. उरलेला पसारा होंडांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकला आणि वर्षभर काहीही न करता बसून राहिले. घरी पिंपभर अल्कोहोल आणून ठेवले होते, मित्र जमत, गप्पा होत. बायकोला चिंता वाटावी असाच तो काळ होता.

अर्धे गेले, अर्धे उरले

अशा वेळी ते इंजिन समोर आले. आपल्याकडे गणपतीच्या मांडवामागे भकभकणारा लहान जनरेटर बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात दोन कामे चालतात. इंजिन पेट्रोल जाळून दांडा फिरवते, आणि त्या दांड्यावर चुंबक व तांब्याची वेटोळी यांच्या साहाय्याने वीज तयार होते. ही वीज बाहेर नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि इंजिनाच्या प्लगला ठिणगी पुरवणारी व्यवस्था सहसा वेगळी. म्हणून बाहेरच्या तारा तुटल्या, वेटोळे जळले, तरी इंजिन धडधाकट असू शकते. अशा यंत्राला आपण पटकन मेलेले म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे अर्धेच अंग गेलेले असते.

होंडांनी ते उरलेले अर्धे अंग उचलले. वीज करायचीच नाही. दांडा फिरतो ना, मग त्याने सायकलचे चाक फिरवायचे. त्या वेळी जपानात आगगाड्यांना लोंबकळून माणसे प्रवास करीत, पेट्रोल नियंत्रणात होते, आणि बायका धान्याच्या शोधात मैलोन्‌मैल सायकली रेटत होत्या. साची त्यांच्यातल्याच एक. पहिल्या नमुन्यात इंजिन हँडलपुढे बसवले आणि रबरी रोळाने पुढचे चाक फिरवले. पण त्याने टायर झिजू लागले. मग इंजिन मधल्या सांगाड्यात घेऊन पट्ट्याने मागचे चाक फिरवले. पेट्रोलची टाकी म्हणून अंथरूण गरम करायची पाण्याची बाटली लावली. पहिली चाचणी साचींनी घेतली. भरवस्तीतून फेरी मारून त्या परत आल्या तेव्हा कपड्यांवर तेलाचे डाग पडले होते. नवऱ्याने ते पाहिले आणि कार्बोरेटर सुधारला.

अशी सुमारे ५०० इंजिने मिळाली. होंडांनी ती जशीच्या तशी विकली नाहीत. प्रत्येक इंजिन खोलून, साफ करून, तपासून, पुन्हा जुळवून सायकलीवर चढवले. ऑक्टोबर १९४६ मध्ये त्यांनी लहानशा खोपटावर तंत्रसंशोधन संस्था अशी भारदस्त पाटी लावली होती. इंजिने संपली तेव्हा ती बंद पडायला हवी होती. पण शेकडो इंजिने उघडून झाल्यावर त्यांच्यातले गुण-दोष हाताला पाठ झाले होते. १९४७ मध्ये होंडांचे स्वतःचे पहिले इंजिन बाहेर पडले. त्याच्या आवाजावरून लोक त्याला बाटा-बाटा म्हणू लागले. २४ सप्टेंबर १९४८ ला दहा लाख येन भांडवलावर आणि ३४ माणसांवर होंडा मोटर कंपनी उभी राहिली.

शिक्का दुसऱ्याच्या हाती

माझी हयात बँकेत कर्जप्रकरणे वाचण्यात गेली. त्या सवयीने मी होंडांचे प्रकरण मनातल्या मनात कितीदा तरी तपासले आहे. शिक्षण अपुरे, आधीचा धंदा बुडालेला, तारण नाही, कच्चा माल म्हणजे लष्करी भंगार, आणि अर्जदाराला हिशेबाचा कंटाळा. कुठल्याही शाखाधिकाऱ्याचे पेन अडखळावे असाच हा कागद. तो तरला याचे मोठे श्रेय एका दुसऱ्या माणसाला जाते. ऑक्टोबर १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. यंत्र होंडांनी पाहावे, पैसा आणि विक्री फुजिसावांनी, अशी वाटणी ठरली. होंडांनी आपला अधिकृत शिक्काच फुजिसावांच्या स्वाधीन केला. जपानमध्ये हा शिक्का म्हणजे कोऱ्या चेकांवरच्या सह्याच. ज्याने लहानपणी रबराचा खोटा शिक्का कोरला, त्याने खरा शिक्का निःशंकपणे दुसऱ्याला दिला आणि तो परत मागितला नाही.

१९५२ मध्ये सायकलीला लावायचे क्लब इंजिन आले, तेव्हा फुजिसावांनी देशभरच्या ५० हजारांहून अधिक सायकल दुकानदारांना पत्रे पाठवून विक्रीचे जाळे विणले. त्याच सुमारास भांडवलाच्या कित्येक पट किमतीची परदेशी यंत्रे घेतली गेली आणि १९५४ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात आली. नव्या गाड्यांत दोष निघत होते, देणी तुंबली होती. मित्सुबिशी बँक त्या वेळी पाठीशी उभी राहिली. १९५८ मध्ये सुपर कब आली. २०१७ पर्यंत त्या एका जातीच्या १० कोटी गाड्या बनल्या होत्या.

होंडा देवमाणूस नव्हते. कारखान्यात काम बिघडले की हातातले हत्यार भिरकवायचे, माणसावर हातही उगारायचे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा त्यांचा हट्ट तर महागात पडला. १९६८ मध्ये फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत अशाच इंजिनाच्या होंडा मोटारीला आग लागून जो श्लेसर हा चालक मरण पावला. तरुण अभियंते पाण्याने थंड होणारे इंजिन मागत होते, होंडा ऐकत नव्हते. शेवटी फुजिसावांनी त्यांच्यापुढे निवड ठेवली: अध्यक्ष राहायचे की अभियंता? होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि अभियंत्याचा हट्ट सोडला. त्या तरुणांनीच १९७२ मध्ये सीव्हीसीसी हे कमी धूर सोडणारे इंजिन करून दाखवले. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, होंडा आणि फुजिसावा दोघेही एकदमच निवृत्त झाले. मुलाला कंपनीत घेतले नाही.

निवृत्तीनंतर होंडा देशभरच्या कारखान्यांत आणि दुकानांत आभार मानायला फिरले. एका कामगाराने तेलाने माखलेला हात लाजून मागे घेतला, तेव्हा त्यांनी तोच हात धरून हस्तांदोलन केले. त्यांचा स्वतःचा डावा हात जखमांच्या वणांनी भरलेला होता. ५ ऑगस्ट १९९१ ला ते गेले. कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते; मोटारी करणाऱ्याने आपल्या मरणाने रस्ते अडवू नयेत, हा त्यामागचा विचार.

आपल्या घरांत होंडा हे नाव आले ते १९८४ च्या भागीदाऱ्यांमुळे. पुण्याच्या कायनेटिकबरोबरची स्कूटर आणि हीरोबरोबरची मोटारसायकल. त्यातली पहिली भागीदारी १९९८ मध्ये संपली, दुसरी २०१० नंतर. पण बटण दाबून सुरू होणाऱ्या त्या स्कूटरने आपल्याकडच्या किती आयाबहिणींना नोकरीच्या वाटेवर नेले, हे वेगळे सांगायला नको. तेलाचे डाग घेऊन परतलेल्या साचीबाईंच्याच वाटेवरच्या या सगळ्या.

आणखी एक नोंद राहिली. १९६५ मध्ये होंडा कंपनीने ई-३०० हा उचलता जनरेटर बाजारात आणला. रात्रीच्या फेरीवाल्यांपासून सहलीला जाणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तो उपयोगी पडला. १९४६ मध्ये ज्या यंत्राचे वीज देणारे अर्धे अंग बाजूला ठेवले होते, ते १९ वर्षांनी अशा रीतीने परत जोडले गेले. माळ्यावर, गोदामात, गॅरेजच्या कोपऱ्यात अशी अर्धी यंत्रे आपल्याकडेही पडलेली असतात, आणि ती खोलून पाहायला तयार असलेली पोरेही असतात. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्या पोराला बोलवावे.