साष्टीचा इंग्रज ओवीकार : फादर स्टीफन्स

श्रावण लागला की आपल्या सीमाभागातल्या घराघरांत बासनातल्या पोथ्या बाहेर निघतात. शाळा कोणत्या माध्यमाची, दाखला कोणत्या भाषेत, दुकानावरची पाटी कोणत्या लिपीत, हे वाद वर्षभर चालूच असतात. पण संध्याकाळी ओवी वाचायला बसलेली आजी कोणाची परवानगी मागत नाही. भाषा सरकारी कागदावर जगते त्याहून अधिक ती पोथीत आणि ओठांवर जगते. ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वी एका परक्या धर्मोपदेशकाने नेमकी ओळखली होती. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथीयांना वाईट दिवस आले होते. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेजुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरच्या अखेरीस गोव्याला लागले. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. पुढची चाळीस वर्षे ते परत गेले नाहीत. १६१९ मध्ये गोव्याच्या भूमीतच त्यांनी देह ठेवला.

त्यांचे कार्यक्षेत्र होते साष्टी. तो मुलूख तेव्हा शांत नव्हता. १५६७ मध्ये तिथली देवळे पाडली गेली होती. जुन्या धर्मग्रंथांवर बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेजुइटांना ठार केले आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावच्या प्रमुखांवर उगवला. स्टीफन्स याच सत्तेच्या छत्राखाली काम करीत होते, हे विसरून चालणार नाही. पण सत्तेची भाषा लोकांवर लादण्याऐवजी त्यांनी स्वतः लोकांची भाषा शिकण्याचा मार्ग धरला. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण लॅटिन व ग्रीकशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. भाषाशास्त्रज्ञांना हे नाते सविस्तर मांडायला पुढे दोनशे वर्षे लागली.

बाटलेल्या लोकांची एक अडचण त्यांच्या ध्यानात आली. जुनी पुराणे गेली, पण त्यांच्या जागी वाचायला काही आले नाही. नव्या धर्माची प्रश्नोत्तरे पाठ होतात, पण त्यांनी मन रमत नाही. एका ख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीकडे हीच तक्रार केल्याचा प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी रंगवला आहे. त्या तक्रारीला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले क्रिस्तपुराण. जवळजवळ अकरा हजार ओव्या आणि दोन भाग : पहिल्यात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र.

शब्दांची निवड तर अभ्यासण्याजोगी आहे. पुराणाच्या आरंभी गणेश-शारदेला वंदन असते. त्या जागी इथे देव बाप, पुत्र आणि मारियेला वंदन येते. स्वर्गाला मात्र ते वैकुंठ म्हणतात. आपल्या लोकांना तो शब्द अर्थासकट ठाऊक होता. उलट पवित्र आत्म्यासाठी त्यांनी स्पिरितु सांतु हा परका शब्दच ठेवला. इथला एखादा शब्द घेतला तर त्याच्यासोबत जुना अर्थही येईल, ही धास्ती त्यामागे असावी. कुठे आपला शब्द घ्यायचा आणि कुठे परका ठेवायचा, हा प्रत्येक भाषांतरकाराचा पेच त्यांना पुरता उमगला होता. ग्रंथाची भाषा मुख्यतः मराठी; सामान्यांना कळावे म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी रत्ने, फुले आणि पक्ष्यांच्या उपमा दिल्या. त्या ओव्या शाळेपासून आपल्या कानांवर आहेत.

कोकणीचेही त्यांच्यावर तेवढेच ऋण आहे. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणी व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, छापले गेले. आज मराठी-कोकणी वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे ध्यानात घ्यावे. या एका माणसाला दोन्ही भाषा आपल्या वाटल्या.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. इथल्या लिपीतच ग्रंथ छापावेत, असे त्यांनी १६०८ मध्ये रोमला कळवले होते. पण जोडाक्षरांसकट सुमारे सहाशे साचे लागणार होते. ते झाले नाही आणि पुराण रोमन लिपीत निघाले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली. छापील प्रती नाहीशा झाल्या. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. पण ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जिवापाड जपली. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकात, हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. १९५६ मध्ये पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती निघाली आणि तीनशे चाळीस वर्षांनी मराठी ओवीला तिची लिपी मिळाली.

बंदीचा हुकूम काढणारे गेले, त्यांचे राज्यही गेले. ओवी राहिली, कारण ती घरात वाचली जात होती. सीमाभागातल्या आपण मराठी माणसांनी मोर्चे काढावेत, अर्ज करावेत, न्यायालयातही जावे. पण त्याबरोबर संध्याकाळी घरातल्या मुलांना जवळ बसवून चार ओळी मराठी वाचून घ्याव्यात. त्याला कोणाचीही बंदी नाही.