निकोलाय वाविलोव्ह : बियाणे वेचणारा माणूस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गव्हाच्या रोगावर का लिहावे, असे कोणी विचारील. आपण इतिहासात राजे आणि लढाया वाचतो. परंतु ताटात पोळी यावी म्हणून ज्यांनी देह झिजवला, त्यांची नावे आपल्याला क्वचितच भेटतात. वाविलोव्ह यांचे चरित्र वाचल्यापासून मला ही उणीव फार जाणवते.

त्यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोत झाला. शिक्षण शेतीशास्त्राचे. तांबेरा आणि भुरी हे गव्हाचे बुरशीजन्य शत्रू. तांबेरा पडला की पानांवर गंजासारखी पूड धरते व दाणा चिरमटतो. पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती मेंडेलच्या नियमानुसार पुढच्या पिढीत उतरते, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ साली दाखवले होते. वाविलोव्ह १९१३ साली इंग्लंडला गेले व बिफेन आणि बेटसन यांच्याकडे शिकले. पर्शियन गव्हावर भुरी सहसा पडत नाही, हे त्यांनी हेरले. १९१९ साली वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

बुरशी रूप पालटते आणि आजचा दणकट वाण उद्या बळी पडतो. म्हणून जिथे पीक प्राचीन, तिथले नाना प्रकारचे बी जमवले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. इराण, अफगाणिस्तान, अबिसिनिया त्यांनी पालथे घातले. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने साठले.

परंतु ही वाट संथ होती आणि सत्तेला घाई होती. आनुवंशिकता नाकारून झटपट पिकांचे आश्वासन देणारे लायसेंको स्टालिनचे लाडके ठरले. वाविलोव्ह यांनी माघार घेतली नाही. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली. आधी देहदंड, मग तो बदलून वीस वर्षांची कैद. २६ जानेवारी १९४३ रोजी साराटोव्हच्या तुरुंगात ते उपासमारीने खंगून वारले. याच शहरात ते एके काळी प्राध्यापक होते! जगाची भूक भागवू पाहणाऱ्याला भाकरी मिळाली नाही.

तिकडे वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी धान्याच्या राशीजवळ उपाशी मेले. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह त्यांपैकीच एक. पण बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. १९५५ साली वाविलोव्ह निर्दोष ठरले.

आज रोगप्रतिकारक जनुकाशेजारची खूण शोधून, रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून गुण ओळखता येतो. रोग पडण्याची वाट पाहावी लागत नाही. पर्शियन गव्हातील भुरीप्रतिकारक जनुकही आधुनिक गव्हात आले आहे. मात्र खूण शोधायला मुळात बी जतन झालेले असावे लागते.

त्या थंड खोलीत, समोर तांदूळ असताना, मी काय केले असते? प्रामाणिक उत्तर देण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. पण तेव्हापासून ताटात पोळी टाकताना माझा हात अडतो.