रेणूंमधली ओढ ओळखणारा शाळामास्तर

लॅटिन आणि ग्रीक येत नाही, एवढ्याच कारणाने ज्यांच्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षेचे दार बंद होते, त्या एका शाळामास्तरांना १९१० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डच शास्त्रज्ञ योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांची ही कहाणी आहे. रेणू एकमेकांना ओढतात, ही त्यांनी मांडलेली कल्पना आज शालेय पाठ्यपुस्तकांत सहज आढळते. ती मांडली गेली तेव्हा मात्र रेणू खरोखरच असतात की नाही, याविषयीच शास्त्रज्ञांत वाद होता.

व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी हॉलंडमधील लायडेन येथे झाला. वडील सुतारकाम करीत. दहा भावंडांत योहानेस थोरले. अशा घरातील मुलाला विद्यापीठाकडे नेणारे, अभिजात भाषा शिकविणारे माध्यमिक शिक्षण त्या काळी परवडणारे नव्हते. साहजिकच ते प्राथमिक शिक्षक झाले. पण शिकण्याची आस सुटली नाही. १८६२ ते १८६५ या काळात शाळा सांभाळून त्यांनी लायडेन विद्यापीठातील गणित व भौतिकशास्त्राची व्याख्याने ऐकली. नियमानुसार पदवी मिळणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी हा अभ्यास केला.

पुढे डेव्हेंटर व नंतर हेग येथे त्यांनी माध्यमिक शाळेत अध्यापन केले. दरम्यान विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अभिजात भाषांच्या अटीतून सूट मिळण्याचा मार्ग खुला झाला आणि त्यांनी परीक्षा दिल्या. १४ जून १८७३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. वायू आणि द्रव या अवस्थांमधील सातत्य हा त्याचा विषय होता.

आयरिश शास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते. सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाब दिला तरी हा वायू द्रवरूप होत नाही, असे त्यांना आढळले. असे का व्हावे, याचे उत्तर वायूच्या जुन्या नियमांत नव्हते. त्या नियमांत रेणूंना आकारमान नव्हते आणि परस्परांविषयी ओढही नव्हती. व्हॅन डर वाल्स यांनी या दोन्ही गोष्टी हिशेबात घेतल्या. रेणू जागा व्यापतात, त्यामुळे त्यांना फिरायला मोकळी जागा कमी उरते. भिंतीवर आदळू पाहणाऱ्या रेणूला मागचे रेणू आत ओढतात, त्यामुळे दाब घटतो. जुन्या समीकरणात या दोन दुरुस्त्या करताच एकच समीकरण वायू आणि द्रव अशा दोन्ही अवस्थांना लागू पडू लागले. तापमान जास्त असेल तर रेणूंचा वेग या ओढीला जुमानत नाही, म्हणून केवळ दाबाने द्रव तयार होत नाही, हेही त्यातून उलगडले.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७४ मध्ये या प्रबंधाची दखल घेतली आणि डच भाषेतील हे काम युरोपभर पोहोचले. १८७७ मध्ये व्हॅन डर वाल्स ॲमस्टरडॅम विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८० मध्ये त्यांनी अनुरूप अवस्थांचा नियम मांडला. त्यामुळे एका वायूच्या गुणधर्मांवरून दुसऱ्याविषयी अंदाज बांधता येऊ लागला.

यशाच्या या काळातच घरावर आघात झाला. १८८१ मध्ये पत्नी ॲना यांचे क्षयाने निधन झाले. त्या अवघ्या चौतीस वर्षांच्या होत्या. मागे चार मुले होती. या दुःखाने खचलेल्या व्हॅन डर वाल्स यांच्याकडून सुमारे दशकभर नवे संशोधन प्रसिद्ध झाले नाही. १८९० मध्ये मिश्रणांवरील सिद्धांत घेऊन ते परतले आणि १८९३ मध्ये त्यांनी केशाकर्षणाची उपपत्ती मांडली.

त्यांच्या नियमाची खरी कसोटी प्रयोगशाळेत लागली. जेम्स डेवार यांनी १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूप केला. १० जुलै १९०८ रोजी लायडेनमध्ये हाइक कामरलिंग ओन्नेस यांनी हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला द्रवरूप केला. हेलियमसाठी किती थंडावा लागेल, याचा अंदाज बांधताना ओन्नेस यांना या नियमाचाच आधार होता. सुताराच्या मुलाचे गणित त्याच्याच जन्मगावी खरे ठरले. त्याच सुमारास फ्रान्समधील ज्याँ पेरँ यांच्या प्रयोगांनी रेणूंच्या अस्तित्वाविषयीची शंकाही दूर केली.

८ मार्च १९२३ रोजी ॲमस्टरडॅम येथे व्हॅन डर वाल्स यांचे निधन झाले. रेणू एकमेकांना का ओढतात, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. विद्युतभार नसलेल्या रेणूंमध्येही इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक असमतोलामुळे आकर्षण निर्माण होते, हे फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंजयामिकीच्या आधारे दाखविले. अणूंना रेणूत बांधणाऱ्या रासायनिक बंधांपुढे ही बले फारच दुबळी. तरीही गेको जातीच्या पालीला गुळगुळीत भिंतीवर पकड मिळते ती मुख्यतः त्यांच्याच जोरावर, असे २००२ मधील संशोधनात दिसून आले. या बलांना आज जगभर व्हॅन डर वाल्स बले म्हणूनच ओळखले जाते.