विश्लेषण : टिनपत्र्याला ज्याचे नाव, तो गॅल्व्हानी कोण? पांढऱ्या गंजाशी त्याचा काय संबंध?

पावसाळ्यात खामगावच्या बाजारात नवे टिनपत्रे घ्यायला गेलेल्या ग्राहकाला एखाद वेळी धक्का बसतो. थप्पीतला वरचा पत्रा चकचकीत, खालचा मात्र चुना उडाल्यासारखा पांढुरका. बोट फिरवले की पीठ लागते. माल जुना आहे, डुप्लिकेट आहे, असे म्हणत सौदा तिथेच मोडतो. चांदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाला धातू काळा पडणे नवे नाही, पण हा पांढरा पडतो. त्याला पांढरा गंज म्हणतात. तो लेसरच्या झोताने क्षणात उडवणारे व्हिडिओही आता मोबाइलवर फिरतात.

हा गंज चढतो तो ‘जीआय’ पत्र्यावर, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, जस्त चढवलेल्या पत्र्यावर. या नावात एक माणूस आहे. त्याने आयुष्यात एकही पत्रा बनवला नाही. इतकेच नव्हे, तर हा पत्रा ज्या तत्त्वावर टिकतो, ते तत्त्व आपल्या प्रयोगाला लावायला त्याने अखेरपर्यंत विरोध केला.

कोण होता गॅल्व्हानी?

लुइजी गॅल्व्हानीचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. तिथेच तो वैद्यकशास्त्र शिकला, तिथेच शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. पक्ष्यांचे मूत्रपिंड आणि कान यांवरचे त्याचे काम नावाजले गेले. पुढे तो प्रसूतिशास्त्रही शिकवू लागला. स्वभावाने अबोल, अतिशय धार्मिक. १७६२ मध्ये त्याने लुचिया गालेआत्सीशी लग्न केले. तिचे वडील त्याचेच प्राध्यापक होते. लुचिया शिकलेली होती, प्रयोगांत त्याच्या बरोबरीने काम करायची. त्यांना मूल झाले नाही. गॅल्व्हानीचे मोठे काम छापून येण्याआधीच लुचिया वारली.

बेडकाचा पाय का उडाला?

१७८०च्या दशकात गॅल्व्हानीच्या प्रयोगशाळेत सोललेले बेडूक आणि ठिणग्या पाडणारे विद्युतयंत्र एकाच टेबलावर असायचे. एकदा सुरीचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लागलेले असताना यंत्रातून ठिणगी पडली आणि मेलेल्या बेडकाचा पाय झटक्यात आखडला. गॅल्व्हानीने हे योगायोग म्हणून सोडून दिले नाही. पुढची अनेक वर्षे तो त्याच झटक्याच्या मागे लागला.

आकाशातली वीजही हेच करते का, हे पाहायला त्याने बेडकांचे पाय पितळी आकड्यांत अडकवून घराच्या लोखंडी कठड्याला टांगले. गडगडाट झाला की पाय उडत. पण १७८६ मध्ये एका स्वच्छ दिवशी, आकाशात ढग नसताना, आकडा कठड्यावर दाबला तरी पाय उडाला! पितळ, लोखंड आणि मधे ओलसर मांस, एवढाच सरंजाम होता. टिनपत्र्याची गोष्ट खरे तर या कठड्यावरच सुरू होते, फक्त गॅल्व्हानीने तिचा अर्थ वेगळा लावला. वीज प्राण्याच्या स्नायूतच साठलेली असते, धातू फक्त तिला वाट करून देतो, असे त्याचे मत झाले. १७९१ मध्ये त्याने हे लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले आणि युरोपभर बेडकांवर संक्रांत आली.

व्होल्टाशी वाद काय होता?

पाव्हियाचा प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा याने प्रयोग करून पाहिले, आधी कौतुकही केले, मग शंका घेतली. त्याचे म्हणणे असे की वीज बेडकात नाहीच. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ती उपजते, बेडूक बिचारा फक्त ती दाखवतो. गॅल्व्हानीने भांडण केले नाही, प्रयोग केला. कोणताही धातू न वापरता मज्जातंतू थेट स्नायूला टेकवला, तरी पाय उडाला. धातूच नाही, तर वीज धातूतून कशी आली?

गंमत अशी की दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. शरीरात वीज असते. आज दवाखान्यात ईसीजी काढतात तो तिचाच आलेख. आणि दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की वीज वाहते, हेही खरे. व्होल्टाने १८०० मध्ये चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, असा थर रचून जगातली पहिली बॅटरी जाहीर केली. खामगावच्या सराफ्यात मिळेल तो एक धातू, पत्र्याच्या दुकानात मिळेल तो दुसरा.

शपथ का नाकारली?

ती बॅटरी पाहायला गॅल्व्हानी उरला नव्हता. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा बोलोन्यात आल्या. नव्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकाने सरकारी पगार घेणाऱ्या प्रत्येकाकडून निष्ठेची शपथ मागितली. व्होल्टाने पुढे नेपोलियनकडून मानसन्मान घेतले. गॅल्व्हानीने मात्र धर्म आणि सदसद्विवेकाला धरून शपथ नाकारली. १७९८ च्या एप्रिलमध्ये त्याची प्राध्यापकी गेली, पगार गेला. साठी ओलांडलेला, एकटा पडलेला हा माणूस भावाच्या घरी राहायला गेला. त्याचे नाव पाहून शपथेविना परत घेण्याचे ठरले, पण तो कामावर रुजू होण्याआधीच ४ डिसेंबर १७९८ रोजी वारला. त्याला लुचियाशेजारी पुरण्यात आले.

मग पत्र्याला त्याचे नाव कसे?

धातूंच्या संपर्कातून येणाऱ्या विजेला तोपर्यंत ‘गॅल्व्हानिझम’ म्हणू लागले होते. खुद्द व्होल्टाही हा शब्द वापरी. १८३७ मध्ये फ्रेंच अभियंता स्तानिस्लास सोरेल याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि तिला गॅल्व्हानीचे नाव दिले. जस्त आणि लोखंड ओले झाले की जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. पत्र्याला ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी शेजारचे जस्त त्याच्यासाठी झिजत राहते. म्हणजे तत्त्व व्होल्टाच्या बाजूचे, नाव गॅल्व्हानीचे.

कठड्यावरचा तो प्रयोग आपल्या घरीही चालू असतो. जीआय पाइपला पितळी तोटी बसवली की गंज बहुधा जोडापाशीच आधी धरतो. तिथे पितळ वाचते, पाइप झिजतो.

पांढरा गंज कशामुळे?

उघड्या हवेत जस्तावर पाणी, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून करडा, घट्ट थर बनतो. तोच पुढे कवच होतो. पण ट्रकमध्ये भिजलेले पत्रे तसेच थप्पीला लावले, तर दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकते आणि हवा खेळत नाही. मग घट्ट थराऐवजी जस्ताचे भुसभुशीत हायड्रॉक्साइड तयार होते. पीठ भरपूर दिसते, झिजलेले जस्त सुरुवातीला थोडेच असते. त्यामुळे डाग दिसला म्हणून पत्रा डुप्लिकेट ठरत नाही. नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने पुसून, वाळवून पाहावे. खाली करडे जस्त दिसले तर पत्रा छपरावर चालतो. काळे डाग किंवा लाल गंज दिसला, तर तिथले जस्त संपत आले किंवा संपले. तारेचा ब्रश मात्र लावू नये, तो चांगले जस्तही खरवडतो. दुकानदाराने पत्रे तिरपे ठेवावेत, मधे कोरड्या लाकडी पट्ट्या द्याव्यात, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नयेत.

लेसरने निघतो का?

निघतो. व्हेनिसमधल्या काजळलेल्या संगमरवरी मूर्ती लेसरने साफ करण्याचे प्रयोग १९७०च्या दशकात झाले, तेव्हापासून ही विद्या वाढली. आजच्या यंत्रातून सेकंदाच्या अब्जांश भागात मोजावे लागणारे प्रकाशाचे ठोके पडतात आणि वरचा थर उडून जातो. पाणी नाही, आम्ल नाही.

पण व्हिडिओत बहुतेकदा लाल गंज आणि साधे लोखंड असते. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४१९ अंशालाच. आणि पांढऱ्या गंजातून बनणारे जस्ताचे ऑक्साइड त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते. म्हणजे पीठ शाबूत आणि खालचे जस्त वितळले, असेही होऊ शकते. ‘१२० जीएसएम’च्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असते. एका बाजूला ते जेमतेम साडेआठ मायक्रॉन भरते, केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके. लोखंडासाठी लावलेली ताकद तशीच ठेवली, तर पत्रा चकाकेल आणि पुढच्या पावसात लाल होईल. कमी ताकद, वेगाने फिरणारा झोत आणि आधी तुकड्यावर चाचणी, एवढे पाळावेच लागते. किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा जाऊ शकतो, म्हणून त्याच लहरीसाठी बनवलेला चष्मा हवा. जस्ताचा धूर ओढून घेणारा पंखाही हवा, नाहीतर संध्याकाळी थंडी-ताप भरतो. गेलेले जस्त लेसर परत आणत नाही. तिथे जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा लागतो. घरच्या छपराच्या दहा-वीस पत्र्यांसाठी ब्रश आणि बादलीभर पाणी पुरते.