गणिती कोसंबी

इतिहासकार म्हणून गाजलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षण हार्वर्डला. काशीदच्या किनाऱ्यावर दोन लाटा कधी सारख्या येत नाहीत. अशा अनियमित चढउतारांचे परस्परांशी संबंध नसलेल्या साध्या घटकांत पृथक्करण कसे करावे, की मोजक्या घटकांतही मूळ चित्र बहुतांशी उमटावे? याची रीत फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना त्यांनी १९४३ च्या निबंधात मांडली. पुढे कारहुनेन व लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि सिद्धांताला त्यांचेच नाव मिळाले. २९ जून १९६६ रोजी कोसंबी निवर्तले. त्या नावाआधी कोसंबींचे नाव जोडले जाऊ लागले, ते फार उशिरा.