कर्मवीरांचे बोर्डिंग

पोर शिकण्यासाठी गाव सोडून निघाले, की आईच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शाळेचा नसतो. ते राहील कोठे, जेवेल कोणाच्या पंगतीला, रात्री ताप चढला तर उशाशी कोण बसेल, हेच तिला सुचते. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी शाळा पुष्कळ काढल्या, पण आरंभ केला तो ह्या आईच्या प्रश्नापासून. त्यांनी आधी बोर्डिंगे काढली आणि हायस्कुले मागाहून आली. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा सरकारी नोकर असल्यामुळे बिऱ्हाड गावोगाव हिंडे. मुलगा अंगापिंडाने दांडगा, पोहण्यात आणि कुस्तीत पुढे, अभ्यासात बेताचाच. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी त्याच्या लहानपणची आठवण सांगतात.

पुढे शिक्षणासाठी त्यांना कोल्हापुरास जैन बोर्डिंगात ठेवले. तेथे सोवळ्याचे नियम कडक होते. त्याच सुमारास शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी साफ नकार दिला. मग काय, बोर्डिंगातून नाव कमी झाले! अठरावीस वर्षांचा मुलगा, हातात वळकटी, आणि आता जायचे कोठे? शाहू महाराजांनी त्यांना आपल्या छत्राखाली घेतले म्हणून त्यांचा निभाव लागला. मॅट्रिकची पायरी मात्र ते चढले नाहीत. ज्या मुलाला पानावरून उठवले, त्यानेच पुढे हजारो मुलांची पाने मांडली. ह्या दोन गोष्टींचा काही संबंध नसेल असे मला तरी वाटत नाही.

त्यांना बाहेर काढणारे सुपरिंटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले, आणि त्यात लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना कोठडीत डांबून अतोनात छळले. जीव नकोसा होऊन त्यांनी तो देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलण्यास ते तयार झाले नाहीत. जुना राग काढण्याची एवढी सोपी संधी कितीजण सोडतील?

पोटासाठी त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. मग किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी फिरले. नांगर विकता विकता त्यांना दिसली ती बांधावर गुरे राखणारी, बुद्धीने तल्लख, पण गावातली चौथी झाल्यावर पुढे वाट नसलेली पोरे. अशाच एका महार मुलाला, ज्ञानदेव घोलपाला, शाळेबाहेर बसून शिकावे लागते हे पाहून त्यांनी त्याला आपल्या घरी नेले आणि मग कोल्हापुरास मिस क्लार्क बोर्डिंगात घातले. हा मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद झाला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलवले. तेथे सुरू झालेल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातींची मुले एका छपराखाली राहू लागली. एकच चूल, एकच पंगत. दळणे, पाणी भरणे, सरपण फोडणे, स्वयंपाक करणे ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. आज आपण ऐकतो तेव्हा ह्यात विशेष काय असे वाटेल. पण एका गावच्या विहिरीवर दोन जातींचे दोर एकत्र पडत नव्हते, त्या काळातली ही पंगत आहे! ज्याने दळले त्याची जात पिठाला लागत नाही, हे मुले व्याख्यानातून शिकली नाहीत. रोज जेवता जेवता शिकली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी ह्या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

आता भगिनींनो, ह्या घरातल्या गृहिणीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण मोठ्या सभांतून तिच्या वाट्याला एखादेच वाक्य येते.

लक्ष्मीबाई कुंभोजच्याच. खात्यापित्या घरची लेक, सोवळ्याओवळ्यात वाढलेली. पतीने परजातीची मुले स्वयंपाकघरापर्यंत आणली तेव्हा तिला ते सहज रुचले असेल असे मानण्याचे कारण नाही. लहानपणापासून अंगात मुरलेले एका दिवसात धुऊन निघत नाही. पण आईवाचून आलेले पोर दारात उभे राहिले की जातीचा विचार किती वेळ टिकणार? हळूहळू ती त्या साऱ्यांची आई झाली. भाऊराव वर्गणीसाठी आणि धान्यासाठी आठआठ दिवस गावोगाव हिंडत असत. मागे कोणाला खरूज झाली, कोणाचे डोळे आले, कोण घरच्या आठवणीने रडते आहे, हे पाहण्यास लक्ष्मीबाईच होत्या. मुलांना अण्णांचा धाक होता. तो हवाच, परंतु धाकाच्या मागे मायेचा पदर नसता तर त्यातली किती पोरे टिकली असती?

बोर्डिंगाच्या खर्चापायी तिच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतले धान्य संपले. मुले उपाशी राहणार असे दिसताच लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि त्यातून धान्य आले. त्या काळच्या सवाष्णीला मंगळसूत्र म्हणजे काय, हे ह्या पानांच्या वाचकांना सांगायला नको. हा प्रसंग सांगणारे मोठ्या अभिमानाने सांगतात. मला अभिमानाबरोबर थोडी टोचणीही लागते. साताऱ्यासारख्या शहरात घरोघर कोठ्या भरलेल्या असताना ती वेळ एका बाईच्या गळ्यापर्यंत यावी, हे काही समाजाला भूषण नव्हे. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. पुढची भरभराट त्यांनी पाहिली नाही.

भरभराट मात्र झाली. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले, १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज. बोर्डिंगात वाढलेली मुलेच मास्तर होऊन खेड्यांतल्या शाळांवर जाऊ लागली. ज्याला कोणी बोट धरून आणले होते, तो आता दुसऱ्याचे बोट धरण्यास गेला. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. तेथे गरीब विद्यार्थ्याने दिवसाचे काही तास शेतावर वा बांधकामावर राबावे आणि त्या कमाईवर शिकावे अशी सोय होती. फुकटच्या अन्नाने मूल मिंधे होते, असे अण्णांचे मत होते. स्वतः ते अनवाणी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी अशा वेषात हिंडत; अनोळखी माणसाने त्यांना खेड्यातला एखादा म्हातारा शेतकरीच समजावे.

१९४८ साली सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा शिक्षकांच्या पगाराची भ्रांत पडली. पण ज्या खेड्यांतून मुले आली होती ती खेडी मदतीस धावली, आणि काही काळाने अनुदानही पुन्हा सुरू झाले.

१९५९ साली मॅट्रिक न झालेल्या ह्या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. पदवी दिली. त्याच वर्षी पद्मभूषणाचाही मान मिळाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या. मुली ह्या कामात उशिरा आल्या, हेही सांगितले पाहिजे. पण आल्या खऱ्या, आणि साताऱ्यास त्यांच्यासाठी जे वसतिगृह निघाले त्याला नाव दिले लक्ष्मीबाईंचे.